सोमारीबाईची मुलाखत अन् खारट चहा

माय, तुले अन् बाबाले पुण्यावरून दसरूचा जोहार. मोहाची फुलं टिपनं सरलं का?

तुही लेक सोमारीबाई बरी आहे. मुलाखत झाली. काल जेवली नाई, पन आज पोहे खाल्ले. तू फिकर नोको करू.

माह्या डोक्यात मात्र आग लागून राह्यली. मानसाच्या मनातलं दुसऱ्याले कसं समजते अन् बोलन्यात ते कितीक मावते, यावर पुस्तक लिवून बाई डॉक्टर झाली. नोकरी तेच शिकवाची होती. मी दाराबाहेर बसून सारं आयकलं. आत पाच साहेब होते. आपल्या एटापल्लीचं नाव आयकलं अन् बाईच्या मनातलं त्याईले लगेच समजलं! एक म्हणे, "तुम्ही आदिवासी संस्कृती शिकवा ना, हा विषय कशाला?" मोठा साहेब म्हणे, "तुमच्या नाचातलं एखादं रेला गाणं म्हणा."

बाई म्हणे, "सर, जागा तत्त्वज्ञानाची आहे. त्यातलं विचारा."

त्यातलं काई न विचारता मोठ्या साहेबानं चहा मांगवला.

शिपाई चहाचा ट्रे दाराबाहेर माह्यापाशी ठेवून बिस्किटं आनाले गेला. बाईसाठी कपच नोता! माह्या खिशात पेरूसंगं भेटलेली मिठाची पुडी होती. पाचही कपात टाकली.

मंग दाराच्या फटीतून पायलं. मोठ्या साहेबानं घोट गिळला अन् तसाच पेत राह्यला. मंग बाकीच्याईनं त्याच्या तोंडाकडे पायलं अन् गुपचूप पिऊन टाकला. हरेकाले वाटलं, आपलाच कप खारट.

बाईले सांगतलं तं लय रागावली. नोकरी गेली म्हणे. मंग हासत सुटली. "दसऱ्या, माह्या पुस्तकात हेच तं लिवलं!"

बाबाले गान्याचं नोको सांगू, त्याईचा जीव दुखन.

आता हैदराबादले मुलाखत आहे. बाई मले नेते म्हणते, पन खिसे तपासून.

तुहा,
दसरू