सात मिलिमीटरचा दगा

३ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून रोजनिशी. कारखान्यात माझ्याविरुद्ध काहीतरी शिजतंय आणि पुरावा लेखी असलेला बरा.

शंभरात तीन रिजेक्ट. माझे! चारकोपच्या याच गाळ्यात मी बावीस वर्षं लिफ्टच्या वायरींना टर्मिनल क्रिंप करतोय, म्हणजे टोकाला धातूची टोपी दाबून बसवतोय. हाताने. नंदू परबचा माल म्हणजे डोळे मिटून पास, असं शेठ पार्ट्यांना सांगायचे. आता क्वालिटीला ती तेजल आलीय. शिकलेली आहे, पण माझ्या मुलीहून लहान. वायर मशीनला लावते आणि ओढते. वायर तुटली तरी चालेल, टर्मिनल निसटता कामा नये, हा तिचा कायदा. माझी तीन निसटली.

वर नवा नियम. शंभरात पाचाच्या पुढे जो जाईल तो पॅकिंगला. पॅकिंग म्हणजे खोके आणि सेलोटेप. तिथे गेलेला माणूस बाकावर परत आलेला मी तरी पाहिला नाही.

संकल्प: क्रिंपिंगचं टूल, म्हणजे माझी पक्कड, जिवापाड जपायचं.

४ फेब्रुवारी, मंगळवार

टूलची सर्व्हिस केली. भिंतीवरच्या तक्त्यात लिहिलंय की जबडा कोरड्या ब्रशने साफ करा, तेलाचा एक थेंब फक्त सांध्याच्या पिनला. कसला हा चिकटपणा! मी घरचं खोबरेल नेलं, कणकवलीच्या घाण्यावरचं, आणि जबड्यापासून हँडलपर्यंत सगळीकडे सोडलं. टूल झकास चमकतंय.

तेजलला माहीत नाही, पण माझ्या टूलात रॅचेट नाही. रॅचेट म्हणजे तो दातेरी भाग, पूर्ण दाब बसल्याशिवाय हँडल सोडतच नाही. दसऱ्याच्या पूजेला टूल साफ केलं तेव्हा मीच काढून टाकला. एक तर त्याने मनगटात कळ यायची. दुसरं म्हणजे अपमान. बावीस वर्षांच्या कारागिराला लोखंडाचा तुकडा सांगणार, अजून दाब म्हणून? कुठे थांबायचं ते माझा हात सांगतो.

५ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी ९

टूलच्या जबड्याचं माप रोज गेजने तपासून रजिस्टरात सही करायची असते. सही केली. गेज तेजलच्या ड्रॉवरमध्ये असतो, तो आणायला कोण जातंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार

चार रिजेक्ट. नक्की कोणीतरी माझ्या टूलाला हात लावतंय.

बायकोच्या, रत्नप्रभाच्या नेलपॉलिशने टूलवर नाव लिहिलं. तिने विचारलं, हे काय नवीन. मी कारस्थान समजावून सांगितलं. ती म्हणाली, हात दुखता तर डॉक्टराक दाखवा, तोंड कित्याक चालवतास. ऐकलंत? घरातसुद्धा आपलं माणूस नाही.

शेजारच्या बाकावरच्या शकुला मात्र सगळं सांगितलं. शकु वाशीमकडची, बोलायला फटकळ, पण अकरा वर्षं शेजारी बसतेय. माझ्या मुलीच्या, मानसीच्या लग्नात तीन दिवस आमच्या स्वयंपाकघरात राबली, बोलावलं नसताना. तिला मी नंदूभाऊ. ती म्हणाली, भाऊ, तो रॅचेट परत लावा गपगुमान. मी हसलो. बायकांना टूलमधलं काय कळतं. (शकुचे रिजेक्ट शून्य, पण ती हळू काम करते.)

१० फेब्रुवारी, सोमवार. दुपारी



जेवायला वर गेलो, चष्मा खाली राहिला म्हणून परत आलो. माझ्या बाकावर शकु! माझा ट्रे पुढ्यात, हातात कटर. मला बघून दचकली. काय करतेयस विचारलं तर म्हणे, काही नाही, बघतेय. बघतेय? प्रदर्शन भरलंय का?

म्हणूनच ही बया जेवायच्या सुट्टीत वर येत नाही!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळपासून डोकं शांत ठेवून तपास. सुट्टी संपल्यावर ट्रेमधली प्रत्येक वायर पट्टीने मोजली. आमच्याकडे वायरी बरोबर तीनशे मिलिमीटरच्या कापून येतात. शंभरातल्या चाळीस भरल्या दोनशे त्र्याण्णव. सात मिलिमीटर आखूड!

म्हणजे त्या माझ्या नव्हेतच. सरळ आहे. ही आपला बिघडलेला माल माझ्या ट्रेत टाकते आणि माझा चांगला माल स्वतःच्या ट्रेत घेते. तरीच शून्य रिजेक्ट!

अकरा वर्षं. केसाने गळा कापला.

१२ फेब्रुवारी, बुधवार

चहाच्या वेळी सगळ्यांदेखत बोललो. आखूड वायरी टेबलावर मांडल्या, पट्टी मांडली, आणि विचारलं की अकरा वर्षांचे हे पांग फेडलेस का. चोर म्हणालो. दोनदा.

मला वाटलं होतं ती भांडेल. शकु आणि गप्प बसणार? पण नाही. फक्त म्हणाली की ठीक आहे, आजपासून तुमच्या ट्रेला हात लावणार नाही. स्टूल उचललं आणि पार दाराजवळच्या बाकावर जाऊन बसली. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय.

संकल्प: उद्यापासून शून्य रिजेक्ट.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

अडतीस.

वायरीचा लॉट खराब आहे.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

एकेचाळीस. तोच लॉट बाकीच्यांना चांगला लागला, हे संशयास्पद आहे. शकुने जाता जाता नजर लावली असणार.

चहाला माझ्या बाकड्यावर कोणी बसलं नाही. बसू नका. खरं बोलणारा एकटाच पडतो.

१७ फेब्रुवारी, सोमवार

तेजलने बोलावलं. माझं टूल उघडून ठेवलं होतं. जबड्यात खोबरेल, त्यात तांब्याची भुकटी आणि कापसाचे तंतू, सगळं मिळून काळा लगदा. तिने विचारलं, काका, रॅचेट कुठाय. मी म्हटलं, घरी, देवघराच्या खणात. तिने टूल मिटून बाजूला ठेवलं.

मग सांगितलं. दसऱ्यापासून शकु रोज सुट्टीत माझा ट्रे घेऊन बसायची. एकेक टर्मिनल हाताने ओढून बघायची. सैल असेल ते कापायचं, वायर पुन्हा सोलायची, नवं टर्मिनल स्वतःच्या टूलने लावायचं. म्हणून सात मिलिमीटर कमी. जी तीन-चार तिच्या हातून सुटायची, तेवढीच रिजेक्टला यायची. वायरी आखूड का, हे तेजलने तिला तेव्हाच विचारलं होतं. शकु म्हणाली होती, नंदूभाऊचं मनगट बरं होईपर्यंत चालवून घे गं. दहा मिलिमीटरपर्यंत चालतं, म्हणून तेजलने चालवून घेतलं.

मी म्हटलं, मग मला सांगायचं नाही का? चार महिने मला अंधारात ठेवलं दोघींनी. हा पण दगाच झाला.

तेजल म्हणाली, काका, जा आता.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

संकल्प: शकुची माफी मागायची. बाथरूमच्या आरशासमोर चारदा म्हणून पाहिलं. शकु, चुकलो. दोनच शब्द आहेत.

दाराजवळच्या बाकापर्यंत गेलो. म्हणालो, तुझं स्टूल डुगडुगतंय. ती मान वर न करता म्हणाली, माहितेय, परब.

परब. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

२० फेब्रुवारी, गुरुवार

टूलात रॅचेट बसवून मिळाला. तेजलने शेठशी बोलून शेवटची एक संधी काढली. उद्याचे जेवढे रिजेक्ट निघतील तेवढे सुट्टीत मी स्वतः नवीन करून द्यायचे. दिले तर बाक माझा. अर्धा तास भरपूर आहे. शकुला जमतं ते मला न जमायला काय झालं?

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

चव्वेचाळीस रिजेक्ट निघाले. मनगटाने दर दोन-तीन दाबांनी हात टेकले आणि रॅचेट काही सोडेना, शेवटी त्याचा खटका सरकवून अर्धवट दाबलेल्याच वायरी काढल्या.

सुट्टीत बसलो. कापा, सोला, टर्मिनल घाला, दाबा, ओढून बघा. घंटा झाली तेव्हा अकरा झाले होते. त्यातली दोन निसटली. सोमवारपासून पॅकिंग. तेजलने सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

घरी आलो. डबा तसाच भरलेला बघून रत्नप्रभाने विचारलं, जेवलात नाय? म्हटलं, वेळच मिळाला नाही.

शकु रोज चाळीस करायची. दसऱ्यापासून, रोज, त्याच अर्ध्या तासात. मग ती जेवायची कधी?