माणशी

सोम., १२ जाने.
ह्यांना ‘उत्तम कामगार’ ट्रॉफी. लाइनवर पूर्वी आठ जण होते, आता हे एकटे आणि बाकी रोबोट. आठ जणांचा मिळून निघायचा त्याच्या दुप्पट माल निघतो. आमची केतकी इकॉनॉमिक्स शिकते, लगेच शिकवायला बसली. “आई, याला माणशी उत्पादन म्हणतात. माणसं कमी केली की आकडा आपोआप वर.” मला माणशी म्हटलं की चपात्याच आठवतात. माणशी दोन, भात वेगळा. ट्रॉफी शोकेसमध्ये. हे तिच्याकडे बघतही नाहीत.

बुध., १४. संक्रांत
हे म्हणाले, सातही जणांचा तिळगूळ बांध. म्हटलं, ते सात आता आहेत कुठे तिथे? “बांध गं तू.” बांधला. संध्याकाळी डबा रिकामा. चेष्टेनं विचारलं, “मग, गोड बोललं का कुणी?”
“बोलले ना.”
हसले नाहीत.

सोम., १९
आता रोजच आठ जणांचं जेवण नेतात. घरात तिघं, आणि मी लग्नघरासारखी लाटतेय. आज मेथी दिली. डबे चाटूनपुसून परत येतात. वाटलं, कुत्र्यांना घालत असतील. शेवटी दुपारी रिक्षा करून अंबडला ह्यांच्या कारखान्यावर गेले. वॉचमन म्हणाला, “साहेब आतच जेवतात, दार लावून.” काचेतून बघितलं. हॉलभर अंधार. मशीनला उजेड लागत नाही म्हणून कंपनीनं दिवे काढलेत. ह्यांच्या डोक्यावर तेवढा एक. आठ ताटल्या मांडलेल्या, आणि हे वाढत होते. आग्रह करून. हाक न मारताच परत फिरले. भ्याले, दुसरं काय.

गुरु., २२
भाजीला गेले तर द्वारका चौकात गांगुर्डेभाऊ भेटले, त्या सातांपैकीच. आता दिंडोरीला द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये आहेत. “तिथं बी प्रतवारीचं मशीन येणार हाय, वहिनी. पुढं कुठं जायचं, काय कळत नाय.” अंगानं निम्मे झालेत. तब्येतीचं विचारलं.
“काय नाय हो, दुपारची भूकच मेली. एक वाजला का पोट भरल्यावानी होतं. सोमवारी तर मेथीचा ढेकर आला. घरात मेथी नाय, काय नाय!”
स्वतःच हसत सुटले. भाजी न घेताच घरी.

शनि., २४
केतकीला विचारलं, माणसं जातात कुठे? ती म्हणाली, नाशकात माणशी उत्पादन वाढलं की सुटे भाग स्वस्त, मग पुण्यात गाड्या स्वस्त, मग देशभर खप. एका गावची, एका धंद्यातली वाढ सगळीकडे झिरपते. देशाची बेरीज वाढते. माणसं दुसऱ्या गावी, दुसऱ्या धंद्यात सामावतात.
“नाही सामावली तर?”
“पुस्तकात सामावतात.”
पोरगी बोलण्यात वस्ताद. पण जरा वेळानं हळूच म्हणाली, “आई, बाबा हल्ली खोलीतला दिवा का लावत नाहीत?” मला काय माहीत.

मंगळ., २७
कंपनी ह्यांना तिकडे तमिळनाडूत, होसूरच्या कारखान्यात पाठवतेय. तिथल्या लाइनवर अजून चौदा माणसं. तीही लाइन इथल्यासारखी करून द्यायची. शुक्रवारी उत्तर द्यायचंय. मी स्पष्ट सांगितलं, जाऊ नका. नोकरी गेली तर गेली, माझ्या शिकवण्या आहेत. मला माझा नवरा हवाय. रडले.
“मी नाही गेलो तर दुसरा जाईल,” हे म्हणाले. “तो त्यांना जेवायला बसवणार नाही.”

शुक्र., ३०
सकाळी उत्तर काय देणार ते बोलले नाहीत. मीही खोदलं नाही.
दुपारी अनोळखी नंबर. एक बाई, हिंदीत. होसूरहून. नंबर कंपनीतल्या कुणाकडून मिळाला म्हणे. “दीदी, आपके साहब इधर आ रहे हैं क्या?” म्हटलं, अजून ठरलेलं नाही.
ती म्हणाली, “मेरा आदमी उसी लाइन पे है। आज टिफिन वैसे ही वापस भेज दिया। बोलता है, पेट भरा है।”
म्हटलं, उद्यापासून समोर बसवून खाऊ घाल, उठू देऊ नकोस. “जी दीदी,” म्हणाली.
सात वाजून गेले, हे अजून आलेले नाहीत. फोन हातात घेऊन बसलेय. लावत नाही.