शुक्रवारचा डाव

शुक्रवार, ६ मार्च
ओथाकाकाला आज घराबाहेर काढला! चाळीस वर्षं बाबांचा भिडू, कागद गिरणीत त्यांच्याच खांद्याला खांदा लावून राबलेला — आणि भरल्या टेबलावर, व्हेस्टर नि पाद्रीबुवांसमोर म्हणतो, "लूशस, रंग सोडलास." बदामाची उतारी, बाबांच्या हातात बदाम होता, तरी टाकली किलवर. तीन हात दंड — भिडू म्हणून स्वतःचेही गेले, तरी बोलला! आमच्या पाइन ब्लफमध्ये माणसाला कर्जबुडव्या म्हटलेलं चालतं. रंग सोडला म्हणजे लबाड! लूशस टार्पली आणि लबाड?
बाबा नुसते पानं बघत राहिले. तळलेले मासे तसेच थंड झाले.

रविवार, ८ मार्च
चर्चच्या पायऱ्यांवर ओथाने गाठलं. "डेल्विन, बापाला मेंदूच्या डॉक्टरकडे ने." म्हटलं, आधी तुम्ही चष्मा बदला.

मंगळवार, १० मार्च
ऑर्गनची दुरुस्ती, दुसऱ्या चर्चमध्ये. हे काम मला कुणी शिकवलं नाही, उघडून उघडून शिकलो. माझ्या हातून गेलेला ऑर्गन परत बोंबलत नाही. आज मात्र साधा एक स्क्रू तीनदा पडला. डावा हात बधिर. झोपेत अवघडला असणार.

गुरुवार, १२ मार्च
बाबा गिरणीच्या फाटकाशी सापडले. हातात जेवणाचा डबा. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली! पहारेकऱ्याने ओळखलं म्हणून.
नेतो डॉक्टरकडे. ओथा म्हणाला म्हणून नव्हे.

सोमवार, १६ मार्च
मेंदूत जुने, बारीक झटके. एक नाही — जागोजागी. जिथे रक्त पोचलं नाही, तेवढा भाग मेला. गेल्या वर्षी याच दवाखान्यात बाबांचा तोल जातो म्हणून आणलं होतं. "वय झालं, मीठ कमी करा" — बस्स, घरी पाठवलं! आज तोच डॉक्टर म्हणतो, रक्तदाब तेव्हाच आटोक्यात आणायला हवा होता. "तुम्हा काळ्या लोकांत हे फार दिसतं." पावसापाण्याचं बोलावं तसं! फार दिसतं, तर तेव्हा बघितलं का नाही?
नर्सबाईने मध्येच माझ्याही दंडाला पट्टा गुंडाळला. आकडा बघून म्हणाली, डॉक्टरांना भेटल्याशिवाय जाऊ नका. पट्टा ओढून काढला. आजारी मी नाही!

शुक्रवार, २० मार्च
व्हेस्टर पीचचा केक घेऊन आला आणि बोलून गेला — गेल्या ईस्टरपासून बाबा रंग सोडत होते. सगळ्यांना दिसत होतं. लूशसचा मान राहावा म्हणून सगळे गप्प. मान राहिला, मेंदू गेला! केकसकट परत पाठवला.
बोलला तो एकटा ओथाकाका. त्यालाच मी हाकलला.
ओथाकाकांच्या दारात जाऊन उभा राहिलो. म्हणाले, "आता आत ये. आणि पुढल्या शुक्रवारी पाद्रीबुवांच्या जागी तू बस. त्यांना पिसता येत नाही."

शुक्रवार, २७ मार्च
डाव बसला. बदामाची उतारी होती, मी चौकट टाकली. बाबांनी माझ्या पानावर बोट ठेवलं. व्हेस्टर छताकडे बघायला लागला.
"पोरा," बाबा म्हणाले, "रंग सोडलास."
हसलो. पानं सगळ्यांसमोर धरली — बघा, कुठाय बदाम? ओथाकाकांनी डावीकडच्या कडेची दोन पानं हळूच उपसली, माझ्या उजवीकडे ठेवली. तिथे आल्यावर मला दिसली. दोन्ही बदाम.
हे दवाखान्यात लिहितोय, डावाच्या कागदाच्या पाठीवर. बाबांनी माझा डावा हात धरलाय. हाताला लागलंच नाही; मान वळवून बघितलं, तेव्हा कळलं.