झोपेच्या वर्गाचे सहशिक्षक

३ ऑक्टोबर, सकाळ
आमच्या मोहल्ल्याच्या दवाखान्यात झोप न येणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी वर्ग निघतोय. दर शुक्रवारी, सहा आठवडे. डॉक्टर शोइरा स्वतः घरी येऊन म्हणाली, मास्तर, तुम्ही आलंच पाहिजे. सातवीत मी तिला भूमिती शिकवली. वर्ग एकटीला आवरणार नाही, हे पोरीने बरोबर ओळखलं. होकार दिला.
बायको ओयदिन महिनाभर फरगान्याला, मुलीकडे. नातवंडं सांभाळायला. जाताना म्हणाली, रात्रभर घरात येरझाऱ्या घालता, मी वेडी होईन. गमतीने.

१० ऑक्टोबर
पहिला वर्ग. मी डॉक्टरच्या बाजूला उभा राहिलो. तिने दंड धरून मला रांगेत बसवलं. मागून निरीक्षण चांगलं होतं.
नियम: दुपारी झोपायचं नाही. तीननंतर चहा नाही. गादीवर फक्त झोपायचं. वीसेक मिनिटांत झोप नाही लागली तर उठून दुसऱ्या खोलीत बसायचं. रोज एकाच वेळी उठायचं. शिवाय सगळ्यांना झोपेची नोंद ठेवायला एकेक वही. मलाही दिली. नमुना म्हणून भरेन.
शेजारी तोलिब होता. चाळीस वर्षं पहाटे तीनला उठून तंदुरात नान लावले. आता दुकान मुलाकडे, तरी तीनला डोळे टक्क उघडे. याचं काही होणार नाही.

११ ऑक्टोबर, दुपारी २
अंगणातल्या पलंगावर आडवं होऊन वर्गाची पूर्वतयारी. डोळे मिटून.

४.४०
पूर्वतयारी संपली. गालावर उशीचे वळ.

१३ ऑक्टोबर
संध्याकाळी तीन पेले चहा. सकाळीच केलेला होता, किटलीत उरलेला. म्हणजे सकाळचाच धरायला हवा.

१७ ऑक्टोबर
डॉक्टरने वह्या तपासल्या. माझ्या वहीत रोज: आठ तास, उत्तम. मग डोळे का लाल, म्हणाली. कांदा चिरत होतो, म्हटलं. तोलिबने लिहिलं होतं: दोन तास दहा मिनिटं. इतकं खरं कोण लिहितं?
डॉक्टरने त्याला सांगितलं, बाराच्या आधी गादीवर जायचं नाही आणि साडेपाचला उठायचंच, झोप लागो न लागो. मग माझ्याकडे बघून म्हणाली, तुम्हीसुद्धा. उदाहरणादाखल बोलली असणार.

२० ऑक्टोबर
बारा फारच उशीर होतो. नऊलाच गेलो. जितका वेळ आडवं, तितकी झोप जास्त, साधं गणित आहे. सोबत पेपर, फोन, बुद्धिबळाचा पट, जर्दाळूच्या खारवलेल्या बिया. गादीवर फक्त झोपायचं हा नियम झोपलेल्यांसाठी. मी जागा होतो.

२४ ऑक्टोबर
आज न सांगता उभा राहिलो आणि उशीच्या कोनावर बोललो. पंधरा अंश की वीस. पाऊण तासात तिघे घोरायला लागले. डॉक्टर म्हणाली, मास्तर, बसा आता, यांना रात्री झोपवायचंय. सातवीतही तुमच्या तासाला असंच व्हायचं. कौतुकाने म्हणाली.

२८ ऑक्टोबर
ओयदिनचा फोन. किती तास झोपता, विचारलं. आठ, म्हटलं. मग म्हणाली, तर येते पुढच्या आठवड्यात. म्हटलं, घाई काय, नातवंडं लहान आहेत. म्हणाली, धाकटा नातू लष्करातली नोकरी पुरी करून परत आला.

१ नोव्हेंबर
तोलिब म्हणतो, पाच तास झोपलो. थापा. खरं-खोटं करायला त्याच्या घरी गेलो. म्हणाला, पूर्वी तीनला उठून तुमच्या खिडकीतला दिवा बघत बसायचो. कोणीतरी जागं आहे म्हणून बरं वाटायचं. आता बघायला उठतच नाही.
चहा विचारला त्याने. चार वाजून गेले होते म्हणून गरम पाणी दिलं. मला राग आला. पाण्याचाच असावा.

८ नोव्हेंबर
ओयदिन बुधवारी आली, आज गेली. तीन रात्री राहिली. निघताना म्हणाली, पहिल्या रात्री चार वेळा दिवा लावलात, दुसऱ्या रात्री कपाट आवरलंत, काल मला उठवून विचारलंत, झोपलीस का? माझं तुमच्याशी भांडण नाही हो. मला झोप हवी आहे.
धाकट्याला तिची सवय आहे, म्हणून गेली असेल. बसथांब्यावर मागे वळून बघितलं नाही तिने. बॅग जड होती.

१४ नोव्हेंबर
निरोपाचा वर्ग. आभाराचं भाषण पाठ करून गेलो होतो. सगळ्यांना प्रमाणपत्रं मिळाली. पुढच्या तुकडीला मदत करायला डॉक्टरने तोलिबला नेमलं. म्हटलं, अगं, सहशिक्षक तर मी. तिने नोंदवही माझ्याकडे फिरवली. पहिलंच नाव माझं. हिकमत योल्दोशेव, वय ७१, वर्षभर झोप नाही. नाव नोंदवणार: पत्नी.
म्हणाली, मास्तर, नापास नाही केलं. पुढच्या तुकडीत परत बसा.

संध्याकाळी ओयदिनला फोन लावला. सांगितलं, काल दीड तास झोपलो. परवा एक. दुपारी दोन तास, ते वेगळे. चहा सहा पेले. आठ तास कधीच नव्हते. तू गेल्यापासून तर नाहीच.
ती म्हणाली, वर्षभरात पहिल्यांदा खरं बोललात. उद्यापासून रोज साडेपाचला फोन करते, उठवायला. झोपलेले असलात तर.