पाटीवरचा पहिला आकडा

९ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

तू जहाजाच्या इंजिनात घाम गाळतोस आणि मी गल्लीत. म्हणशील, झालं सभाताईचं भाषण सुरू! ड्रिल शिकवायची नोकरी संपली म्हणून तोंडही निवृत्त करायचं का रे?

आपल्या गल्लीतली मुलं दोन जिने चढली की धापा टाकतात आणि आपण त्यांना आळशी म्हणून मोकळे होतो. त्यांची खेळायची जागा गाड्यांनी गिळली. शाळेच्या दारात गोड पाण्याच्या बाटल्या मांडल्या, त्याही मोठ्यांनीच. मग दोष पोरांचा कसा? म्हणून सगळ्या घरांनी मिळून ठरवलं, संध्याकाळी पाच ते सात गल्लीत एकही गाडी येणार नाही. दुकानदार खूप कुरकुरला, पण बाटल्या मागच्या फळीवर गेल्या. आता एकतीस मुलं खेळतात आणि तुझी लेक भिंगरी दोरीवरच्या उड्यांत सगळ्यांची पुढारी आहे.

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी वजन घ्यायचं. दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, आकडे वहीत मिटून ठेवा. मी म्हटलं, झाकलेल्या गोष्टीचीच लाज वाटते. परवा गल्लीच्या तोंडाशी मोठी पाटी लावली. मी स्वतःचं घर वगळलं असं कुणी म्हणू नये म्हणून सर्वांत वर लिहिलं: भिंगरी, वय अकरा, बावन्न किलो. तिची आई आज असती तर तिलाही अभिमान वाटला असता.

तब्येत सांभाळ. माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

२७ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र बंदरात मिळालं. आमच्या स्वयंपाक्याला वाचून दाखवलं, तर तो म्हणाला की तुझ्या बहिणीला बोटीवर आणू नकोस, माझी साखर समुद्रात जाईल. गल्लीचं मात्र खरंच कौतुक वाटलं.

एक गोष्ट सलते. भिंगरी पूर्वी चार पानं लिहायची, कडेला मांजरं काढायची. या वेळी तीनच ओळी आल्या. विचारते, बाबा, नांगराचं वजन किती असतं आणि त्याला कुणी चिडवतं का? ताई, तिचा आकडा तेवढा पाटीवरून काढ. मी मागे लागलोय असं समज.

कळावे. तुझ्या रागासकट लोभ हवाच आहे.
धाकटा

१४ जुलै

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

आकडा काढू? तो काढला तर उरलेल्या तीस मुलांच्या घरी मी कोणत्या तोंडाने सांगू? आणि ऐक, तुझ्या लेकीचं वजन साडेतीन किलोंनी उतरलं! सगळ्या गल्लीने टाळ्या वाजवल्या. दुकानदार म्हणाला, ही तर आपली झाशीची राणी. ती हसली नाही, पण ते वयच तसं असतं. हल्ली अभ्यास आहे म्हणून ताट खोलीत नेते आणि चाटूनपुसून परत आणते. इतकी शहाणी झालीये. उगाच बापाचं काळीज घेऊन बसू नकोस.

आहे तो जिव्हाळा राहू दे.
तुझी ताई

५ ऑगस्ट

धाकट्या,

आशीर्वाद कसा लिहू? रविवारी वजनाच्या वेळी भिंगरी काट्यावरच कोसळली. पायरी डोक्याला लागली, तीन टाके पडले. डॉक्टरांनी विचारलं, ही जेवते का? मी छातीठोकपणे हो म्हणाले. तेव्हा शेजारची जुळी मुलं रडायला लागली. शाळेतला डबा ती रोज त्यांना द्यायची आणि कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घालायची. घरातलं ताट मागच्या खिडकीतून कुत्र्याला जात होतं. वजनाच्या आदल्या दुपारपासून तिने पाणीसुद्धा प्यायलं नव्हतं.

तिला शुद्ध आली तेव्हा मी हात धरून बसले होते. तिने पहिला प्रश्न विचारला की, आत्या, आज किती भरले?

चाळीस वर्षं मी माणसांसमोर बोलत आले. या प्रश्नावर मी फक्त तिचं पांघरूण सारखं केलं. नर्सबाई शेजारी उभ्या होत्या. त्या एका शब्दाने बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

पाटी पुसली आहे. ये.
ताई

२१ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुढच्या बंदरात उतरतोय. भिंगरीला तिच्या मावशीकडे ठेवणार आहे. तुझ्यावर चिडायचा खूप प्रयत्न केला. तू वाईट असतीस तर जमलंही असतं. तू तिच्या भल्यासाठीच केलंस, हेच मला गिळता येत नाही.

तिला न्यायला घरी येईन तेव्हा दारात उभी राहू नकोस. तुला पाहून ती पुन्हा पोट आत ओढून घेईल.

धाकटा

११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
सा. न.

मी बरी आहे. अर्धी वाटी भात संपवते. मावशी समोर बसते, पण माझ्या ताटाकडे बघत नाही, खिडकीकडे बघते.

गल्ली अजून पाच ते सात बंद असते, असं जुळ्यांनी लिहिलं. ते थांबवू नकोस. ते दोन तास मला खूप आवडायचे. तू पाटी लावलीस त्याच्या आधी मी एका दमात एकशे दहा उड्या मारल्या होत्या. ते तू कुठेच लिहिलं नाहीस.

पाटी पुसलीस असं बाबा म्हणाले. पण आत्या, तो आकडा सगळ्यांना पाठ झालाय. नव्या शाळेत माझा हजेरीचा नंबर बावन्न आला. बाईंनी तो पुकारला की मी हजर म्हणायचेच नाही. त्यांना वाटलं, ही रोज गैरहजर असते. मग बाबांनी येऊन नंबर बदलून घेतला.

माझी दोरी कुणाला तरी देऊन टाक. अजून भेटायला येऊ नकोस. कधी यायचं ते मी लिहीन.

माझा तुझ्यावर लोभ आहे. तो किती आहे ते मात्र विचारू नकोस.
भिंगरी