सरावातली मयत

कायांबे, मंगळवार, ७ मे

मार्लेने, माझ्या लेकी,

आईचा आशीर्वाद घे. गुडघा सोडला तर मी बरी आहे. जिवंत आहे, हे तुला फोनवर कळलंच. मी सांगते आहे आणि तुझी भाची नायेली मान खाली घालून लिहिते आहे. घालू दे.

गुरुवारी तुला निरोप आला, की झोइला किश्पे यांचं, म्हणजे माझंच, शव शनिवारी माद्रिदला उतरेल, ताब्यात घ्यायला या. तू रडत फोन केलास आणि उचलला मीच.

"आई? तू?"

"मग कोण असणार?"

तू मला शिव्या घातल्यास नि फोन आपटलास. आता रागावू नकोस, मुद्दाम केलेलं नाही.

नायेली विमानाने माल पाठवणाऱ्या कचेरीत लागली आहे. त्यांचा कम्प्यूटर विमान कंपनीच्या कम्प्यूटरशी परस्पर बोलतो, एपीआय म्हणतात त्याला. खरा माल सोपवण्याआधी खोटा पाठवून बघतात. गुलाब, कोळंबी, आणि शवसुद्धा. नावं लागतात, तर बाईसाहेबांनी घरचीच घातली. तुझा नंबरही खराच. "आजी, परक्या माणसाला मारणं बरं दिसतं का?" म्हणे!

त्या सरावात मी उणे चाळीस किलोची होऊन उडाले, कम्प्यूटरने हूं की चूं केलं नाही. एकदा कागद अपुरे म्हणून मला परत पाठवलं. खरं काम सुरू करताना हे सगळं पुसायचं असतं. माझी मयत तेवढी राहिली, आणि तिचा निरोप खराखुरा निघाला. तिचे साहेब एफ्राईन कपाळ धरून म्हणाले, "पोरी, आजीला निदान मातृदिनाच्या रविवारपर्यंत तरी जगू द्यायचं!" नोकरी वाचली, हसले म्हणून.

पण एवढी रडलीस कशी गं? नायेली म्हणते, "आजी, हे नको लिहायला." लिही गं तू. बाबांच्या मातीला तू आली नाहीस, तेव्हापासून आपण दोघी गप्प. आणि फोन आपटण्याआधी म्हणालीस, "मी तिकीट काढलं होतं, आई." मेलेलीसाठी तिकीट निघतं. अंगणात बसून बिस्किट-चीज खाणाऱ्या म्हातारीसाठी निघत नाही का? उगाच विचारते.

आता खरं काम सुरू झालं. पहिली खरी पेटी एफ्राईनसाहेबांनी माझीच लावली, तुझ्या नावाने. वर गुलाब, खाली हे पत्र. वाचते आहेस, म्हणजे पेटी सही करून घेतलीस. सही झाली की इथे पडद्यावर एक चौकोन हिरवा होतो. मला अक्षरं कळत नाहीत, हिरवं कळतं. नायेलीच्या खुर्चीमागे स्टूल टाकून बसणार आहे. चौकोन हिरवा झाला की घरी जाऊन तुझी खोली झाडून घेईन.

अजून इथेच असलेली,
तुझी आई झोइला
(अंगठा)