गुलाबी शेंडे

३ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०
केतकीचा साखरपुडा पक्का. २३ नोव्हेंबर, आपल्याच अंगणात. मंडपवाल्या रूपसिंगला सांगून टाकलं, फाटकाला डेकोरेशन नको. कमानीवर मधुमालती आहे, लेक फुलांखालून जाईल. रत्नप्रभा म्हणाली, दोन वर्षांत एक फूल तरी दाखवलं का तुमच्या वेलीनं? बायकोला प्लॅनिंग समजत नाही. मी ऑफिसात अठ्ठावीस वर्षं प्रगती अहवाल लिहिले आहेत.

४ ऑगस्ट
शेजारचे देवराव कपाशीच्या शेतातून आले. म्हणाले, पऱ्हाटीचे शेंडे खुडून राह्यलो भाऊ. शेंडा खुडला का बाजूच्या फांद्या फुटते, बोंडं भरपूर लागते. मला हवं होतं ते मिळालं. कात्री आणली. दर रविवारी वेलीचे शेंडे खुडणे.

७ सप्टेंबर. सकाळी ६.४०
आज ८५ शेंडे. फूल नाही, पण पानं जोरदार. पाया पक्का होतो आहे. यापुढे आठवड्यातून दोनदा.
भिंतीपलीकडे गेलेल्या फांद्यांना हात पुरत नाही. स्टूल घेऊन गेलो तर देवरावांच्या रुखमाबाईंनी अडवलं. आमच्या इकडचं राहू द्या भाऊजी, म्हशीले सावली होते. बरं. तो भाग बेशिस्त वाढेल. माझी जबाबदारी नाही.

१२ ऑक्टोबर
शेंड्यांना गुलाबी टोकं. झुबक्यांनी. गुलाबी बोंडअळी! देवरावांच्या शेतातूनच आली असणार. बादलीभर शेंडे खुडून खड्ड्यात पुरले. रत्नप्रभा म्हणाली, एक अळी दाखवा. म्हटलं, आत असते.

९ नोव्हेंबर
पुन्हा गुलाबी. आता रोज खुडतो, चहाआधी आणि चहानंतर. रूपसिंगचा फोन: काका, झेंडूच्या माळा ठेवू का राखून? नको म्हटलं. केतकीनं विचारलं, बाबा, नक्की ना? पेपर वाचत हो म्हटलं. चौदा दिवस पुष्कळ झाले.

२३ नोव्हेंबर. सकाळी ६
शेवटची पाहणी. गुलाबी टोकं तेवीस. पाहुण्यांसमोर कीड नको. खुडली, बादलीत टाकली.

तोच दिवस. संध्याकाळी ५
घाटंजीचे पाहुणे कमानीखालून आत आले. कोणी वर पाहिलं नाही. मग केतकीच्या होणाऱ्या सासूबाईंनी भिंतीकडे बोट केलं. म्हणाल्या, कुणाची हो ही वेल, किती बहरली.
देवरावांच्या बाजूला, म्हशीच्या डोक्यावर, सगळी लाल-गुलाबी.
म्हैस हलवली. फोटो गोठ्यात. रुखमाबाईंनी माझ्या बादलीतला एक शेंडा उचलला, नखानं उकलला. ह्या तर कळ्या होत्या भाऊजी. देवराव म्हणाले, मी पऱ्हाटीचं सांगितलं होतं.
सासूबाईंना सांगितलं, मूळ आमच्याकडे आहे. त्या हो म्हणाल्या.
केतकीनं हाक मारली, बाबा, या ना फुलांखाली. जाऊन उभा राहिलो. फोटोग्राफर म्हणाला, काका, खिशातला हात काढा.
हातात कात्री होती.